लखोट्यावरील सेन्सॉरची मोहोर

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें भाट्ये हें गांव वसलें आहे. या किनाऱ्यावरून मराठा पलटणींत भरती होण्याची परंपरा जुनी. त्यामुळें येथील एखाद्या घरीं माळ्यावरच्या पेटींत महायुद्धांतील पत्रें निघालीं, तर नवल नाहीं. अशा वेळीं बहुधा मुलें पाकिटावरील तिकीट कापून घेतात, आणि उरलेला कागद बंबांत जातो. परंतु जें जळतें, तेंच पुष्कळदां अधिक मोलाचें असतें.

युद्धकाळीं आपला ठावठिकाणा किंवा पलटणीची हालचाल घरीं कळविण्यास सैनिकास मनाई असे. सेन्सॉरनें पत्र वाचावें, आक्षेपार्ह मजकूर खोडावा आणि मग पाकिटावर संमतीची मोहोर उठवावी, अशी रीत होती. मोहोरेंत क्रमांक असे. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सेनेनें तिचा आकारही वेळोवेळीं बदलला. १९१४ सालीं वर्तुळ, पुढें चौकोन, त्रिकोण, षट्कोन. म्हणून आकारावरून काळाचा व क्रमांकावरून तुकडीचा सुगावा लागतो. त्याच्या जोडीस लष्करी टपालघराचा शिक्का असतो. हें टपालघर सैन्याबरोबर हिंडत असे. तेव्हां नुसत्या त्याच्या क्रमांकावरून स्थळ ठरत नाहीं, तारीखही वाचतां आली पाहिजे.

हिंदी सैनिकांच्या पत्रांची अडचण निराळी होती. त्यांच्या अनेक भाषा व लिप्या सर्व इंग्रज अधिकाऱ्यांस कोठून अवगत असणार? यास्तव फ्रान्समध्यें हॉवेल यांच्या देखरेखीखालीं हिंदी टपालाचें स्वतंत्र सेन्सॉर कार्यालय निघालें. सैनिकही चतुर होते. काळें मिरें संपत आलें, आतां लाल मिरची वापरतात, असें कोणी घरीं लिही. काळें मिरें म्हणजे हिंदी शिपाई व लाल मिरची म्हणजे गोरे, हें सेन्सॉरनें ओळखलें होतें. अशा पत्रांचे उतारे इंग्रजींत करून तो अहवालास जोडी. गांवोगांवचीं मूळ पत्रें बहुतेक नष्ट झालीं. हे उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत राहिले, आणि त्यांतील निवडक डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केले.

मराठा पलटणींची मोठी झुंज झाली ती मेसोपोटेमियांत. कूट येथील वेढ्यांत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्य तुर्कांस शरण गेलें, आणि कैदेंत गेलेल्यांपैकीं अनेक जण परतले नाहींत. ज्या घरचा माणूस तेथें होता, त्या घरीं एखादें पाकीट उरलें असेल, तर त्यावरील तारीख त्या दिवसापूर्वींची कीं नंतरची, मोहोर ब्रिटिशांची कीं तुर्कांची, हा प्रश्न केवळ संग्राहकाच्या हौसेचा राहत नाहीं. माणूस कैदेपर्यंत जिवंत पोहोंचला होता कीं नाहीं, याचा तो पुरावा ठरूं शकतो.

म्हणून तिकीट कापूं नये, भिजवून सोडवूं नये, पाकीट डिंकानें वहींत चिकटवूं नये. पत्र व पाकीट यांची ताटातूट करूं नये. खाऱ्या दमट हवेपासून व वाळवीपासून तीं जपावींत, आणि दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें काढून ठेवावींत. अस्पष्ट शिक्का शाईनें गिरवण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. आज न वाचतां येणारा क्रमांक उद्यां एखाद्या जाणत्यास वाचतां येईल, परंतु गिरवलेला आंकडा कोणासच खरा मानतां येणार नाहीं.