चांदोमामाकडे भरदुपार

कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत होतं आणि माझी भाची फोन घेऊन कठड्याशी उभी होती. एक फोटो काढला, दुसरा काढला, मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, चंद्राचा बल्ब झालाय बघ!"

खरंच की. डोळ्यांना चंद्रावरचा ससा स्पष्ट दिसत होता, फोनमध्ये मात्र पांढराफटक गोळा! तुमच्याही फोनमध्ये असे दोन-चार बल्ब असतील ना?

होतं असं, की कॅमेरा समोरचं सगळं पाहून उजेडाचा अंदाज बांधतो. आकाश काळंकुट्ट, त्यात चंद्र एवढासा. कॅमेऱ्याला वाटतं, अरे, केवढा अंधार! मग तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणजे जास्त वेळ उजेड गोळा करतो. शिवाय आयएसओ वाढवतो, म्हणजे आत आलेला उजेड आणखी फुगवून दाखवतो. चंद्राच्या जागी उजेड इतका साचतो, की ससा त्यात बुडूनच जातो.

पण सांगा बरं, रात्र कुठे आहे? आपल्या गच्चीवर! पौर्णिमेला चंद्राची आपल्याकडची सगळी बाजू उन्हात असते, आणि मधोमध तर भरदुपार असते. रात्री उभं राहून आपण चक्क दुपारचा फोटो काढत असतो. हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती चंद्राकडे बघत बसले होते.

तेव्हा फोनला सांगायचं, बाबा रे, तिकडे ऊन आहे. नाइट मोड बंद. फ्लॅशही बंद, कारण त्याचा उजेड काही पावलांपुरताच. चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर आहे, तिथे पोचायला प्रकाशालाही सव्वा सेकंदाहून जास्त वेळ लागतो! मग स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनांत शेजारी छोटासा सूर्य उमटतो. तो हळूहळू खाली ओढा. आकाश आणखी काळं होईल, गोळा मंदावेल, आणि ससा वर येईल! प्रो मोड असेल तर आयएसओ 100 आणि शटर 1/500 सेकंद ठेवून बघा. चंद्र अजून पांढराच दिसला तर 1/1000 करा, काळवंडला तर 1/250. फोन कठड्यावर टेकवा आणि टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही.

भाचीचा ससा आला, पण इवलासा. चंद्र आभाळात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. चार हजार ठिपके रुंद असलेल्या फोटोत त्याच्या वाट्याला येतात पंचवीस-तीस ठिपके. दूरचं टिपणारी वेगळी लेन्स फोनला असेल तर चांगलंच. नसेल, तर दोन बोटांनी ताणून ठिपके फक्त मोठे होतात, नवं काही दिसत नाही. काही फोन तर चंद्र ओळखून त्याचे बारकावे स्वतःच भरतात. मला ते आवडत नाही. आपला फोटो आपल्याला दिसलेल्या चंद्राचाच हवा. त्यापेक्षा घरातली दुर्बीण स्टँडवर किंवा उशीवर नीट टेकवा आणि फोनची लेन्स तिच्या डोळा लावायच्या भिंगाशी धरा. (सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखायची नाही. डोळे कायमचे जातात.)

आणि तो ससा कशाचा, माहीत आहे? फार पूर्वी चंद्रावर पसरून थिजलेल्या लाव्हाचा. बेसॉल्टच तो, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा दगड!

आता भाचीला खड्डे टिपायचेत. पौर्णिमेला समोरून ऊन पडतं, त्यामुळे सावल्या जवळजवळ दिसतच नाहीत. शुद्ध अष्टमीला अर्ध्या चंद्राच्या कडेवर, जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो, तिथे सूर्य नुकता उगवत असतो, आणि एकेका खड्ड्याच्या काठाची लांबच लांब सावली पडते. म्हणून दिवाळीनंतरच्या अष्टमीची संध्याकाळ आम्ही दोघींनी गच्चीसाठी राखून ठेवली आहे.