दहा बाय बाराची खोली आणि पॅसिव्ह बुकशेल्फ स्पीकर: बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे?

हिंगोली जिल्ह्याचं नाव हल्ली हळदीच्या भावाशिवाय आणखी एका कारणाने बातम्यांत येतं, ते म्हणजे लायगो-इंडिया. औंढा नागनाथ तालुक्यात होऊ घातलेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची ही वेधशाळा गुरुत्वीय लहरी पकडणार आहे. स्पीकरच्या लेखात हे कुठून आलं, असं वाटेल. पण अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला जी पहिली लहर पकडली, तिची वारंवारता सेकंदाच्या पाचव्या हिश्शात ३५ हर्ट्झवरून २५० हर्ट्झपर्यंत चढली. ती लहर म्हणजे आवाज नव्हे. पण हे आकडे माणसाच्या कानाच्या टप्प्यात बसतात, म्हणून शास्त्रज्ञांनी तो सिग्नल सरळ स्पीकरवर वाजवून दाखवला.

ती क्लिप यूट्यूबवर आहे, मोबाईलच्या स्पीकरवर लावून बघा. सुरुवातीचा भाग जवळपास गायब असतो, कारण मोबाईलच्या इवल्याशा पडद्याला दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं झेपतच नाही. शास्त्रज्ञांनी त्याच सिग्नलचा स्वर वर सरकवलेली दुसरी आवृत्तीही दिली, कारण मूळ सूर सहज ऐकू येण्यासाठी फार खाली आहे. खालचा आवाज काढायचा तर भरपूर हवा हलवावी लागते आणि त्यासाठी मोठा पडदा लागतो. ॲप बदलून किंवा इक्वलायझर वाढवून हे होत नाही.

म्हणून बुकशेल्फ स्पीकर. साधारण फूटभर उंचीचा लाकडी डबा, त्यात पाच ते साडेसहा इंचांचा वूफर आणि वर एक इंचाच्या आसपासचा ट्वीटर. पॅसिव्ह म्हणजे आत ॲम्प्लिफायर नाही, बॅटरी नाही, ब्लूटूथही नाही. आत फक्त क्रॉसओव्हर असतो. तो जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे वाटून देतो. ॲम्प्लिफायर तुम्ही वेगळा घ्यायचा. ही कटकट वाटते, पण माझं मत पॅसिव्हच्या बाजूने आहे आणि कारण साधं आहे. ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी किंवा सर्किट गेलं की अख्खी वस्तू कपाटात जाते. इथे ॲम्प्लिफायर जळाला तर तेवढाच बदलायचा. स्पीकर नीट वापरला तर वीस वर्षं सहज जातो, फक्त वूफरच्या कडेची पट्टी रबराची आहे का ते बघा. फोमची पट्टी काही वर्षांनी कुजून तुकडे पडायला लागते.

आता खरा प्रश्न. हिंगोली, कळमनुरी किंवा सेनगावात राहून असा स्पीकर घ्यायचा म्हणजे बहुतेक वेळा न ऐकताच घ्यायचा. माझ्या मावसभावाने यंदा हळदीचे पैसे आल्यावर तीस हजार बाजूला ठेवले आणि मला पहिला प्रश्न विचारला, "दादा, किती वॅटचा घेऊ?" सगळे हाच प्रश्न विचारतात आणि नेमका तोच सगळ्यात कमी कामाचा आहे. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सहन करू शकतो ते. किती जोरात वाजेल ते त्यातून कळत नाही. (जुन्या होम थिएटरच्या खोक्यांवर ५,००० वॅट पीएमपीओ छापलेलं असायचं, तो तर निव्वळ विनोद होता.)

जोर कळतो सेन्सिटिव्हिटीवरून. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. केईएफ क्यू१५० चा आहे ८६, एलॅक डेब्यू २.० बी६.२ चा ८७, क्यू अकूस्टिक्स ३०२०आय चा ८८. क्लिपश आरपी-६००एम चा कंपनी सांगते ९६. फरक बारीक दिसतो, पण डेसिबलचा हिशोब गुणाकाराचा आहे. तीन डेसिबल जास्त हवे असतील तर ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते, दहा हवे असतील तर दहापट. म्हणजे कागदावर तरी क्यू१५० ला जिथे १० वॅट लागतील तिथे क्लिपशला १ वॅट पुरेल. 'कागदावर तरी' म्हणतोय, कारण सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजत नाहीत. कोणी मोकळ्या जागेचा आकडा देतं, कोणी खोलीतला, आणि खोलीत भिंती आवाज वाढवतातच.

यात आणखी एक खुबी आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर बरोबर १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरवर २ वॅट. म्हणून ८८ डेसिबल आणि ४ ओहम लिहिलेला स्पीकर ८ ओहमच्या ८५ डेसिबलवाल्याइतकीच ताकद खातो. ओहमचा आकडा डेसिबलच्या शेजारी ठेवूनच वाचायचा. वरच्यांपैकी एलॅक आणि क्यू अकूस्टिक्स ६ ओहमचे आहेत, केईएफ ८ ओहमचा. ८ लिहिलेला केईएफसुद्धा काही सुरांवर ३.७ पर्यंत खाली येतो, म्हणून ॲम्प्लिफायरवर '४ ते ८ ओहम' लिहिलेलं असलेलं बरं.

मग वॅट लागतात तरी किती? ८७ डेसिबलचा स्पीकर धरा. तुम्ही अडीच मीटरवर बसलात तर अंतरामुळे साधारण ८ डेसिबल जातात. स्पीकर दोन आहेत म्हणून तीनेक परत येतात, म्हणजे १ वॅटला ८२ डेसिबल. हा आवाज घरात मोठाच आहे. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी सुरक्षित मर्यादा सांगते. ८ वॅट दिले तर ९१ होतात आणि शेजारच्या काकू दार वाजवतात. त्यामुळे खरे ३०-४० वॅट देणारा ॲम्प्लिफायर अशा खोलीला भरपूर. बाजारातले हातभर डबीएवढे छोटे ॲम्प्लिफायर अनेकदा टीपीए३११६ या चिपवर चालतात. तिची निर्मात्याने सांगितलेली ताकद २१ व्होल्टवर, ४ ओहमला प्रत्येक बाजूला ५० वॅट अशी आहे, तीही १० टक्के विकृती धरून. डबीवर 'शंभर अधिक शंभर' छापलं असेल तर सोबतचा ॲडॉप्टर किती व्होल्टचा आणि किती ॲम्पिअरचा आहे ते बघा. २४ व्होल्ट गुणिले ४.५ ॲम्पिअर म्हणजे एकूण १०८ वॅट आत येतात. बाहेर दोनशे कुठून पडणार?

इथपर्यंतचं सगळं गणित आहे. बिघडतं किंवा जमतं ते खोलीत.

आपल्याकडची खोली म्हणजे स्लॅब, सिमेंटच्या भिंती आणि खाली फरशी. बारीक आवाज या सगळ्यावर आपटून परत येतो, आणि जाड आवाज दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. बारा फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर फुगतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ चा. (काढायची रीत: ३४३ ला भिंतींमधल्या मीटरच्या दुपटीने भागा.) खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही बाजूंना एकच सूर फुगतो आणि 'धुम्म' असा एकसुरी घोळ ऐकू येतो. पत्र्याच्या घरात उलटं आहे. पत्रा जाड आवाज बाहेर जाऊ देतो, त्यामुळे घोळ कमी, पण एखादा सैल नटबोल्ट असला की तो गाण्यासोबत खडखडतो.

आता बघा, क्यू१५० आणि ३०२०आय या दोघांचं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, मागच्या बाजूला आहे. एलॅक बी६.२ चं पुढे आहे. शोरूमच्या फोटोत हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पण आमच्या भागात बऱ्याच घरांत भिंतीतच कडप्प्याचं फडताळ असतं आणि 'बुकशेल्फ' म्हटलं की स्पीकर थेट तिथे जातो. मागचं भोक भिंतीला टेकलं की जाड आवाज सुजतो आणि गाणाऱ्याचे शब्द बुजतात. अशा स्पीकरच्या मागे वीतभर जागा सोडा. ते शक्यच नसेल तर पुढचं पोर्ट घ्या, किंवा पोर्टमध्ये घालायची फोमची बुचं सोबत येतात का ते विचारा. पूर्ण बंद डब्याचे स्पीकर भिंतीजवळ जास्त समजूतदार असतात. बीबीसीने १९७० च्या दशकात ओबी व्हॅनसारख्या अरुंद जागेसाठी बनवलेला एलएस३/५ए हा तसाच. सेन्सिटिव्हिटी ८२-८३ च्या घरात, बास बेताचा, तरी माणसाच्या आवाजासाठी लोक आजही त्याचं नाव काढतात.

भावाकडे नेमकं फडताळच होतं. "मग फडताळ सोडून देऊ का?" त्याने विचारलं. मी म्हणालो सोड, आणि कडप्प्यावरच ठेवायचा असेल तर खाली रबराच्या चार गुट्ट्या घाल, नाहीतर कडप्पाही वाजेल. लायगोवाले आरसे लोलकांना टांगून जमिनीची थरथर तोडतात, आपल्याला चार गुट्ट्या पुरतात.

उंचीचं एक राहिलं. ट्वीटर कानाच्या पातळीत हवा. सतरंजीवर बसून ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतो, खुर्चीवरच्याचा त्याहून बराच वर. घरात दोन्ही प्रकारची मंडळी असतील तर केईएफची रचना कामाला येते. त्यात ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो, त्यामुळे वर-खाली किंवा बाजूला बसलं तरी आवाजाचा तोल कमी बिघडतो. माझ्या मते चौघांनी मिळून ऐकायच्या घरात हा गुण दोन डेसिबलपेक्षा मोलाचा आहे. एकट्याने, एका जागी बसून ऐकणाऱ्याने मात्र त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

खरेदीच्या वेळी हेही ध्यानात ठेवा की २०२४ मध्ये केईएफने क्यू१ मेटा आणि क्यू अकूस्टिक्सने ३०२०सी आणला. नवीन मॉडेल आलं म्हणून जुनं खराब होत नाही, ते स्वस्त मिळायची शक्यता मात्र वाढते.

वायरवर पैसे उडवू नका. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे सुमारे ०.१२ ओहम. सहा ओहमच्या स्पीकरपुढे हे काहीच नाही.

पार्सल आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तपासणी उरकून घ्या, खोका आणि थर्माकोल तोवर फेकू नका. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका बाजूला उलटं जोडलं तर काही जळत नाही, पण बास गायब होतो आणि गायक मधोमध उभा न राहता हवेत पसरल्यासारखा वाटतो. मग एखादा अभंग लावा, ज्यात मृदंग आणि टाळ दोन्ही स्वच्छ वाजलेत असा. आपण नर्सी नामदेवच्या जिल्ह्यातले, असं रेकॉर्डिंग शोधायला वेळ लागू नये. मृदंगाच्या कणीक लावलेल्या बाजूचा ठोका पडून लगेच थांबला पाहिजे, मागे गुणगुण रेंगाळायला नको. रेंगाळली तर आधी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा. टाळ कानाला टोचत असतील तर स्पीकरचं तोंड जरा बाहेर वळवा किंवा समोरच्या भिंतीवर जाड पडदा टाका. शेवटी डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून तेच गाणं परत ऐका. खरखर जागा बदलून स्पीकरसोबत गेली तर दोष स्पीकरमध्ये आहे, तो परत पाठवा. आहे त्याच बाजूला राहिली तर ॲम्प्लिफायर नाहीतर वायर तपासा.