एबर्डीनचं पत्र : बांगड्याच्या किनाऱ्यावरून

एबर्डीन हे उत्तर समुद्राकाठचं करड्या दगडाचं शहर. इथून बसने थोडं वर गेलं की पीटरहेड लागतं, ब्रिटनमधलं सर्वांत मोठं मासेमारी बंदर. शरदापासून हिवाळ्यापर्यंत स्कॉटिश बोटी उत्तर समुद्रातून बांगडा भरून आणतात. त्यातला मोठा हिस्सा गोठवून परदेशी रवाना होतो. इथल्या ताटात मात्र फिरून फिरून तेच येतं : कॉड, हॅडॉक, सामन, ट्यूना आणि कोळंबी. यातलंही पुष्कळसं बाहेरून आणलेलं.

याची मुळं ‘फिश अँड चिप्स’मध्ये आहेत, असं मला वाटतं. 1860च्या दशकात ही दुकानं सुरू झाली, गिरणी कामगारांच्या पोटाचा आधार बनली. दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सगळ्याच अन्नावर रेशनिंग आलं, पण सरकारने यांना हात लावला नाही. पिढ्यानपिढ्या मासा म्हणजे पिठात तळलेला, बिनकाट्याचा पांढरा तुकडा, हेच मनात ठसलं. बांगड्याला काटे, गडद मांस, वर वास. मासळीवाला आधी विचारतो, डोकं आणि काटा काढून देऊ का? राहू द्या म्हटलं की थबकतो. अहो, कालवणाचा जीव त्या डोक्यातच असतो!

म्हणून इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांना माझं सांगणं आहे की सामनच्या वाटेला जाऊ नका. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यात घरभाडं निघता निघत नाही. बांगडा सामनपेक्षा स्वस्त पडतो आणि ओमेगा-3 मध्ये कुठेही कमी नाही. इथली आरोग्यसेवा आठवड्यातून दोनदा मासे खा, त्यात एकदा तेलकट असू द्या, असं सांगते. बहुतेक लोक तेवढे खात नाहीत.

गोठवलेला घ्यायलाही हरकत नाही. बांगडा फार लवकर उतरतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रविवारी व्यापार बंद असताना बांगडा विकायची सूट कायद्यानेच दिली होती, ती याच कारणाने. घरी आणलेला मासा फ्रिजबाहेर ठेवू नका.

वसतिगृहात स्वयंपाकघर पाच-सहा जणांत एक आणि छताला धुराची घंटा. तिथे मासे तळणं म्हणजे साऱ्या इमारतीला थंडीत बाहेर काढणं. मालवणी कालवणाला तळणं लागतच नाही. धणे, लसूण, हळद, लाल तिखट आणि मूठभर सुकं खोबरं गरम पाण्यात भिजवून बारीक वाटायचं. नारळाच्या दुधाचा डबा घेतलात तर अर्धाच घाला, उरलेलं गोठवा. खर्चही निम्मा, चरबीही निम्मी. वाटण पातळ करून उकळी आणायची, चिंचेचा कोळ आणि घरून आणलेली चार तिरफळं ठेचून टाकायची. मग मीठ लावलेले तुकडे सोडून आच मंद करायची. मासा सात-आठ मिनिटांत शिजतो. डाव घालून ढवळायचं नाही, भांडंच धरून हलवायचं. झाकण ठेवलं, खिडकी उघडली की शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

चिंच संपली तर उन्हाळ्याच्या तोंडावर इथे र्‍हुबार्ब मिळतं, आंबट लाल देठांचं. त्याचे दोन तुकडे कालवणात छान विरघळतात. (पानं मात्र विषारी, ती टाकायची.) या देशातही बांगड्याबरोबर गूसबेरीची आंबट चटणी खायची जुनी रीत होती. तेलकट माशाला आंबट हवं, हे इथल्या आज्यांनाही ठाऊक होतं. आता ते कुणी फारसं करत नाही, याची मला हळहळ वाटते.

एक काळजी आहे. या समुद्रातला बांगडा कोणी किती धरायचा यावर ब्रिटन, नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटं आणि युरोपीय संघ यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. मासेमारी मर्यादेबाहेर गेल्याने 2019 साली त्याची शाश्वततेची मोहोरही गेली. त्यामुळे रोज बांगडा नको. आलटूनपालटून शिणाणे (इथले मसल्स) आणा. शेटलंड बेटांजवळ ते दोरांवर वाढवतात, त्यांना खाद्य घालावं लागत नाही, समुद्रातलंच गाळून खातात. वाटण तेच. तडे गेलेले आणि टिचकी मारूनही न मिटणारे आधीच फेकून द्या, बाकीचे उकळत्या रश्शात टाकून झाकण लावा. चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात, आणि त्यांचं खारं पाणी रश्शात उतरतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखूनच घालायचं.