दमानं धावा, टिकून धावा

धावायला लागल्यावर काही आठवड्यांतच दम लागणं कमी होतं. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र तयार व्हायला काही महिने घेतात. या मधल्या काळात एकदम अंतर वाढवलं, की नडगी आणि गुडघे कुरकुरू लागतात.

● सुरुवात : ‘काउच टू फाइव्ह-के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी १९९६मध्ये आखला. आठवड्यातून तीनच दिवस धावायचं. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालणं, मग ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं, असं आलटून-पालटून २० मिनिटं.

● वेग : धावताना सोबत्याशी सलग पूर्ण वाक्यं बोलता यायला हवीत. धाप लागली, तर वेग कमी करा.

● दहा टक्क्यांचा नियम : धावण्याच्या अंतरात आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, असं म्हणतात. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र या नियमानं दुखापती घटल्या नाहीत. नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या अशा दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जायबंदी झाला. म्हणून आकड्याइतकंच दुखण्याकडेही लक्ष हवं.

● कधी थांबायचं? : अंग आंबलं असेल, तर दोन-तीन दिवसांत बरं वाटतं. हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, लंगडावं लागत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

● पुढचा टप्पा : आधी ५, मग १० किलोमीटर अंगवळणी पडू द्या, २१.०९७ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनसाठी नाव त्यानंतरच नोंदवा.