वाणी आणि स्पर्श

पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही संगणक-प्रणाली २००६ पासून विकसित होत असून ती विनामूल्य मिळते. मग अंध कर्मचाऱ्यास महागडी ब्रेलपट्टी कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पट्टीतील बारीक टाचण्या विद्युत्‌दाबाने वर-खाली होऊन संगणकातील अक्षरे बोटांखाली उमटवितात. खर्च येतो तो त्यांचाच. लांबलचक अहवाल झरझर ऐकण्यास वाणी पुरेशी आहे. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. भारती ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व इकारास २ व ४, तर दीर्घास ३ व ५ क्रमांकांचे बिंदू असतात. चूक बोटाला तत्काळ कळते. ज्याने मसुदा स्वतः लिहावयाचा, त्याला केवळ कानांवर सोडणे म्हणजे डोळस लिपिकास कागद न दाखविता शुद्धलेखन तपासावयास सांगणेच होय. दृष्टीबरोबर श्रवणही नसलेल्यास तर पट्टीचाच आधार.