नाव बदलते तेव्हा

कादंबरीचे नाटक झाले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मूळ कितपत टिकले?’ जयवंत दळवींच्या बाबतीत हा प्रश्न फारसा पुढे नेत नाही. ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीचे नाटक त्यांनी स्वतःच केले. लेखकच कात्री चालवणार असेल तर निष्ठेची तक्रार करायची कुणाकडे? पाहायला हवे ते हे, की कथेचा मध्य कुठून कुठे सरकला. त्याचा माग नावांत लागतो. कादंबरीच्या नावात अंधार आहे, पारंब्या आहेत. म्हणजे एका माणसापेक्षा त्याला वेढून असलेले काहीतरी. १९७७ साली विजया मेहता यांनी ते नाटक रंगमंचावर आणले तेव्हा त्याचे नाव झाले ‘बॅरिस्टर’. आता मध्यभागी माणूस आला, आणि तो आला तो पदवीसह. विलायतेचे शिक्षण, सुधारकी विचार आणि घरातल्या विधवांच्या वाट्याला आलेले जिणे यांच्या कात्रीत सापडलेला हा माणूस विक्रम गोखले यांनी उभा केला. मेहता यांनीच पुढे त्यावर हिंदी चित्रपट केला, त्याचे नाव ‘रावसाहेब’. पदवी गेली, हाक उरली. बॅरिस्टर तो स्वतः झाला होता. रावसाहेब त्याला वाड्याने केले. माझ्या मते हा नुसता नामबदल नाही, सुधारकाच्या पराभवाचे कारण कुठे शोधायचे, याचे ते वेगळे उत्तर आहे. ‘रावसाहेब’मधल्या मावशीच्या भूमिकेसाठी मेहता यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही इथे आठवावे. पराभव त्याचा, पण घराचा भार वाहिला मावशीने.

यावर कुणी म्हणेल, नावे तिकीटखिडकीसाठी बदलतात, त्यात एवढे काय शोधायचे? खरे आहे. दळवींच्याच ‘महानंदा’ कादंबरीचे नाटक झाले तेव्हा त्याचे नाव पडले ‘गुंतता हृदय हे’. शं. ना. नवरे यांनी केलेल्या या नाट्यरूपाला ‘मत्स्यगंधा’ नाटकातल्या लोकप्रिय पदाचे शब्द मिळाले, ते प्रेक्षकांच्या ओठांवर होते म्हणूनच. पण धंद्यालाही आपण काय विकतो ते नेमके ठाऊक असते. कादंबरी एका भाविणीच्या मुलीच्या नावाने ओळखली जात होती. नाटकाच्या पाटीवर तिच्या नावाऐवजी प्रेमाची गुंतवणूक आली.

अधिक अडचणीचा दाखला दळवींच्याच ‘चक्र’ कादंबरीचा. रवींद्र धर्मराज यांनी १९८१ साली तिच्यावर हिंदी चित्रपट केला आणि नाव तेच ठेवले. मग इथे काहीच सरकले नाही? भाषा बदलली, पण मुंबईच्या झोपडपट्टीत ती परकी नव्हतीच. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लोकार्नोत चित्रपटाला सुवर्ण बिबट्या मिळाला. तरी मध्य ढळलाच, फक्त तो ढळला आंघोळीच्या दृश्याच्या पोस्टरवर. उघड्यावरची आंघोळ ही वस्तीतली गैरसोय, आडोसा नसण्याची लाज. जाहिरातीने तिचे आमिष केले. गद्यात लेखक बाईकडे कुठून पाहायचे ते वाक्यागणिक ठरवतो. कॅमेऱ्याला तिला दाखवावेच लागते, आणि दाखवलेले चित्र भिंतीवर चिकटवता येते.

रेडिओवरच्या नभोनाट्याला चित्राची ही भीती नाही. तिथे निवेदकाचा आवाज शाबूत राहतो, आणि पारंब्या ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपापल्या वाढतात.