आवाज न चढवणारा कर्णधार

१९ डिसेंबर २०२०. ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ९ बाद ३६वर थांबला. मोहम्मद शमीच्या हातावर चेंडू आदळला, हाड मोडलं आणि शेवटची जोडी पुढे खेळूच शकली नाही. अकरा जणांपैकी एकालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नव्हती. १९७४मध्ये लॉर्ड्सवर अजित वाडेकरांच्या संघाचा ४२ धावांत खुर्दा उडाला होता. गेली ४६ वर्षं तोच आपला नीचांक होता, त्याच्याही खाली आपण गेलो. पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी विराट कोहली मायदेशी परतणार हे आधीच ठरलेलं होतं. मालिकेत अजून तीन कसोटी बाकी होत्या आणि मायकेल वॉनसारखे माजी कर्णधार ऑस्ट्रेलियाच्या ४-० विजयाचं भाकीत करून मोकळे झाले होते.

अशा वेळी सूत्रं आली उपकर्णधार अजिंक्य रहाणेकडे. ३६मध्ये त्याच्या धावा होत्या शून्य. शिवाय एक सल होताच. पहिल्या डावात कोहली ७४वर सुरेख खेळत असताना रहाणेने धाव घेण्यासाठी हाक दिली, मग नकार दिला आणि कोहली धावबाद झाला. ३ बाद १८८वरून आपण २४४मध्ये संपलो. त्या दिवसाचा खेळ संपल्यावर रहाणे स्वतः कोहलीकडे गेला, त्याची माफी मागितली आणि कोहलीनेही विषय तिथेच मिटवला. पुढे मेलबर्नच्या सामन्याआधी पत्रकारांनी विचारलं तेव्हा रहाणेने हे सगळं सरळ सांगून टाकलं. ना आढेवेढे, ना 'गैरसमज झाला' असली सारवासारव.

तेव्हा संघाबाहेरच्या अनेकांना वाटत होतं की आता एखादा गर्जना करणारा माणूस हवा. मला मात्र या सगळ्या दौऱ्याचं मर्म नेमकं इथे दिसतं. रहाणेने गर्जना केली नाही, कारण ती त्याची नव्हती. कोहलीची आक्रमकता खोटी नव्हती, तो तसाच आहे. पण रहाणेने ती उसनी आणली असती तर खेळाडूंनी पहिल्या दहा षटकांत ओळखलं असतं. ड्रेसिंग रूममध्ये सोंग फार वेळ टिकत नाही.

ॲडलेडच्या पराभवाच्या रात्रीचा किस्सा क्षेत्ररक्षण प्रशिक्षक आर. श्रीधर यांनी पुढे रविचंद्रन अश्विनच्या यूट्यूब वाहिनीवर सांगितला. मध्यरात्र उलटून गेली होती. प्रशिक्षक मंडळी बसली होती. तेवढ्यात कोहलीचा निरोप आला, काय चाललंय? मग तोही येऊन बसला आणि तिथेच 'मिशन मेलबर्न' सुरू झालं. रवी शास्त्रींनी सांगितलं, हा ३६चा आकडा छातीवर बिल्ल्यासारखा मिरवा. दुसऱ्या दिवशी रहाणेला चर्चेत घेतलं गेलं आणि एक उलटा निर्णय पक्का झाला. ३६वर आटोपलेला संघ साहजिकच एक फलंदाज वाढवतो. इथे कोहलीच्या जागी रवींद्र जडेजा घ्यायचं ठरलं, म्हणजे पाच गोलंदाज. वीस बळी घेतल्याशिवाय कसोटी जिंकता येत नाही, एवढा साधा हिशेब. शास्त्रींनी संघासाठी जेवण ठेवलं, कराओके लावलं आणि स्वतः जुनी हिंदी गाणी म्हणायला लागले. अश्विनने ही आठवण अनेकदा सांगितली आहे.

या मोहिमेचं श्रेय एकट्या रहाणेचं नाही. लेग साइडला क्षेत्ररक्षक लावून स्टीव्ह स्मिथ आणि मार्नस लाबुशेन यांची कोंडी करायची, ही योजना प्रशिक्षकांनी दौऱ्याच्या कितीतरी आधीपासून घोटली होती. पण कागदावरची योजना आणि मेलबर्नच्या एमसीजीवर, बॉक्सिंग डेच्या सकाळी, नाणेफेक हरल्यावर ती राबवणं यात अंतर आहे. रहाणेने पहिल्याच सत्रात अश्विनच्या हाती चेंडू दिला. मॅथ्यू वेड गेला आणि पाठोपाठ स्मिथ शून्यावर, लेग स्लिपमध्ये उभ्या असलेल्या पुजाराच्या हातात. पदार्पण करणाऱ्या मोहम्मद सिराजला मात्र उपाहारापर्यंत त्याने चेंडूच दिला नाही. सिराजचे वडील, हैदराबादला रिक्षा चालवणारे, महिनाभरापूर्वीच गेले होते. संघ तेव्हा विलगीकरणात होता, परतण्याची मुभा मिळूनही सिराज थांबला होता. नव्या पोराच्या मनात त्या सकाळी काय काय चाललं असेल! त्याला सावरायला वेळ दिला गेला. उपाहारानंतर तो आला आणि लाबुशेन, कॅमेरून ग्रीन असे दोन मोहरे टिपून गेला. ऑस्ट्रेलिया सर्व बाद १९५.

आता या सामन्यातला माझ्या मते सर्वांत मोठा क्षण. तो काही रहाणेच्या शतकाचा नव्हे.

२८ डिसेंबरची सकाळ. रहाणे ११२वर, जडेजा ४९वर. दोघांची भागी १२१पर्यंत गेलेली. जडेजाने चेंडू ढकलला आणि अर्धशतकाची ती एक धाव घ्यायला निघाला. रहाणे धावला, इंचभर कमी पडला. कर्णधार धावबाद, तोही दुसऱ्याच्या हाकेवर, शतक पुढे नेत असताना. अशा वेळी मैदानावर काय काय बघायला मिळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बॅट आपटणं, आभाळाकडे बघणं, साथीदाराला खाऊ की गिळू अशा नजरेने पाहणं. रहाणे तंबूकडे निघण्याआधी जडेजाजवळ गेला, ग्लोव्हजने त्याला थोपटलं. काळजी करू नकोस, खेळत राहा, एवढंच. जडेजाने ५७ केल्या, भारताने ३२६.

अकराच दिवसांपूर्वी रहाणे या प्रसंगाच्या दुसऱ्या टोकाला होता. आपल्या हाकेने कर्णधार बाद झाला की पोटात कसा गोळा येतो, ते त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून मला ते थोपटणं निव्वळ चांगुलपणाचं वाटत नाही. त्यामागे स्वतःवर कमावलेला ताबा आहे. राग आला नसेल असं कोण म्हणेल? पण तो राग कुठे ठेवायचा हे त्याने त्या वीस पावलांत ठरवलं आणि ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाने ते पाहिलं. चूक झाली तर हा माणूस आपल्याला उघड्यावर टाकणार नाही, हे कळायला त्या संघाला भाषणाची गरज उरली नाही.

भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला. १८६८मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी संघाचा खेळाडू जॉनी मुलाघ याच्या नावाचं पदक त्या सामन्यापासून सामनावीराला द्यायला सुरुवात झाली, ते पहिल्यांदा रहाणेच्या गळ्यात पडलं.

हा ताबा आला कुठून? रहाणेने मुलाखतीत सांगितलेली एक आठवण मला इथे फार मोलाची वाटते. डोंबिवलीहून सरावासाठी त्याला सीएसटीला जायचं असे. वय जेमतेम आठ. पहिल्या दिवशी वडील सोबत गेले. नंतर म्हणाले, मला नोकरी आहे, आता तुझा तू जा. दुसऱ्या दिवशी पोरगा किट घेऊन एकटा लोकलमध्ये चढला, आणि वडील मागच्या डब्यात. त्याला दिसणार नाही असे, पण तो नीट उतरतोय का हे बघत. खात्री पटल्यावर त्यांनी येणं बंद केलं. आईच्या एका कडेवर धाकटा भाऊ, दुसऱ्या हातात अजिंक्यची किटबॅग आणि रिक्षा परवडत नाही म्हणून केलेली पायपीट, हेही त्याने सांगितलं आहे. डोंबिवलीची सकाळची गाडी ज्यांनी पकडली आहे, त्यांना त्या बॅगेचं वजन वेगळं सांगायला नको. त्या गर्दीत आरडाओरडा करून जागा मिळत नाही. शांतपणे, पाय रोवून उभं राहावं लागतं.

सिडनीत याच स्वभावाची खरी कसोटी लागली. सीमारेषेवर सिराजवर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली. तिसऱ्या दिवशी झाली, चौथ्या दिवशी पुन्हा. या वेळी सिराज गप्प बसला नाही, कर्णधाराकडे आला. रहाणेने खेळ थांबवला आणि पंचांना गाठलं. मैदान सोडायचं असेल तर सोडू शकता, असं पंचांनी सांगितल्याचं सिराजनेच नंतर हैदराबादला परतल्यावर सांगितलं. रहाणेचं उत्तर होतं, आमची काही चूक नाही, आम्ही खेळणार. पोलिसांनी सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. शांत माणूस अन्याय गिळतो, असा एक समज आपल्याकडे आहे. इथे त्याने काहीच गिळलं नाही. तक्रार नोंदवली, आपल्या माणसामागे उभा राहिला आणि मैदानही सोडलं नाही.

पाचव्या दिवशी रहाणे स्वतः ४ धावा करून सकाळीच परतला. ऋषभ पंतने कोपराच्या दुखापतीसह ९७ फटकावल्या. मग हनुमा विहारीची मांडीमागची शीर गेली. अश्विनची पाठ तर आदल्या रात्रीच धरली होती. तिकडे अंगठा निखळलेला जडेजा पॅड बांधून तयार बसलेला. विहारी-अश्विन या जोडीने चाळीसहून अधिक षटकं खिंड लढवली. मधेच ड्रेसिंग रूममधून बदली खेळाडू शार्दूल ठाकूर निरोप घेऊन पळत आला. अश्विनने नंतर विहारीशी गप्पा मारताना सांगितलं की शार्दूल म्हणाला, आत बरंच काही सांगतायत, पण मी ते काही सांगणार नाही, तुम्ही खेळताय तसेच खेळा! पालघरच्या या पठ्ठ्याची हिंमत दाद देण्याजोगी. आणि ज्या संघात बारावा खेळाडू आपल्या अकलेने निरोप गाळू शकतो, त्या संघात भीतीला जागा नाही, हेही खरं. कसोटी अनिर्णित राहिली. त्याच दिवशी, ११ जानेवारीला, कोहलीला मुलगी झाली.

ब्रिस्बेनला पोचेपर्यंत संघाची चाळण झाली होती. बुमरा, अश्विन, जडेजा, विहारी सगळे जायबंदी. गोलंदाजीत सर्वांत अनुभवी कोण, तर दोन कसोटी खेळलेला सिराज. शार्दूलच्या नावावर २०१८मधली एक कसोटी आणि त्यात टाकलेले दहा चेंडू. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांचं पदार्पण. सुंदरच्या मापाचे पॅडही संघाकडे नव्हते. सामना सुरू झाल्यावर दुकानातून आणावे लागले, हा किस्साही श्रीधर यांचाच. ते पॅड बांधून सुंदरने ६२ केल्या आणि शार्दूलसोबत १२३ धावा जोडल्या. पुढे सिराजचे पाच बळी, गिलच्या ९१, अंगावर चेंडू झेलत पुजाराच्या ५६, पंतच्या नाबाद ८९. जिथे ऑस्ट्रेलिया १९८८नंतर हरला नव्हता, तिथे ३२८चं लक्ष्य तीन गडी राखून गाठलं. बक्षीस समारंभात रहाणेने शंभरावी कसोटी खेळलेल्या नेथन लायनला सगळ्यांच्या सह्यांची जर्सी दिली आणि चषक नेऊन ठेवला नटराजनच्या हातात. तो दौऱ्यावर आला होता नेटमधला गोलंदाज म्हणून.

मुंबईत घरी ढोलताशांनी स्वागत झालं. शेजाऱ्यांनी केक आणला होता, वर कांगारू. रहाणेने तो कापायला नकार दिला. कांगारू त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, जिंकलो म्हणून समोरच्याचा मान कमी करायचा नसतो, असं त्याने नंतर हर्षा भोगले यांना सांगितलं. कॅमेऱ्यापुरता हा दिखावा होता का, अशी शंका कुणाला येईल. त्यांनी २०१८ आठवावं. अफगाणिस्तानला त्यांच्या पहिल्या कसोटीत दोन दिवसांत हरवल्यावर याच कर्णधाराने चषकासोबतच्या छायाचित्रासाठी त्यांच्या संघाला बोलावून घेतलं होतं. आणि सप्टेंबर २०२२ आठवावा. दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात यशस्वी जैस्वाल समोरच्या फलंदाजाला सारखा डिवचत होता. आधी समज दिली. ऐकलं नाही, तेव्हा पश्चिम विभागाचा कर्णधार रहाणेने त्याला थेट मैदानाबाहेर पाठवलं. त्याच सामन्यात आधी जैस्वालने २६५ धावा केल्या होत्या. रहाणे तेव्हा भारतीय संघाच्या बाहेर होता आणि समोर कसलीही मोठी गर्दी नव्हती.

या स्वभावाची किंमतही त्याने मोजली. २०२१मध्ये त्याची बॅट रुसली, सरासरी विशीत घसरली. वर्षअखेर उपकर्णधारपद गेलं, मग संघातली जागा. ऑस्ट्रेलियात आपण घेतलेल्या काही निर्णयांचं श्रेय दुसऱ्याच कुणी घेतलं, हे त्याने वर्षभर उलटून गेल्यावर एकदाच, नाव न घेता सांगितलं. धावा आटल्यावर वगळलं, याबद्दल मला तक्रार नाही. पण कप्तानीच्या गप्पांमध्ये त्याचं नाव 'तेवढ्यापुरता नेमलेला' म्हणून मागे टाकलं जातं, ते मला पटत नाही. धरमशाला २०१७, बंगळुरू २०१८, मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन आणि कानपूर २०२१ अशा सहा कसोटींत त्याने भारताचं नेतृत्व केलं. चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही.